नळीची झीज

वहाबनं रायफलचा बोल्ट सावकाश पुढं ढकलला, खाली दाबला आणि तितक्याच सावकाश मागं ओढला. आतून आलेलं रिकामं काडतूस त्यानं दोन बोटांत अलगद धरलं. त्याच्या तोंडाला चीर दिलेली होती आणि त्यात सैलसर बसवलेली गोळी नळीतल्या आट्यांना टेकून जेवढी मागं सरकायची तेवढी सरकली होती. त्यानं ते व्हर्नियरच्या जबड्यात ठेवलं, आकडा वाचला, काडतूस फडक्यानं पुसलं आणि पुन्हा वाचला. मग खणातून पितळेची पट्टी काढली आणि सुईनं तिच्यावर आजच्या मापाची रेघ ओढायला गेला. सुई आधीच्याच रेघेत जाऊन बसली.

सलग तिसऱ्यांदा असं झालं होतं.

काउंटरपलीकडच्या स्टुलावर रायफलीचा धनी बसला होता. सगळे त्याला मुलाच्या नावानं बू फहाद म्हणत. साठीकडं झुकलेला हा कुवेती माणूस ऑगस्टात इराकी फौज कुवेतात शिरली तसा जीव मुठीत धरून निघाला तो थेट सौदीतल्या ताइफला येऊन थांबला होता. बाहेर रस्त्यावर दुपारभर हॉर्न वाजत होते. लढाई थांबल्याचं सकाळीच रेडिओनं सांगितलं होतं, आणि सहा-सात महिने ताइफच्या हॉटेलांत, भाड्याच्या फ्लॅटांत दिवस ढकलणारे कुवेती मोटारींना झेंडे बांधून एकाच रस्त्यावर वर-खाली करत होते. कुणी मिठाई वाटत होतं. असल्या दिवशी हा माणूस शिकारीच्या सामानाच्या दुकानात येऊन दोनशे काडतुसं मागत होता, आणि मागताना खाली बघत होता.

"चहा घ्या," वहाब म्हणाला.

"घेतो," बू फहाद म्हणाला, पण पेल्याला त्यानं हात लावला नाही.

दुकान कफिलाचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाचं, अबू तुर्कीचं, हात वहाबचे. मुंबईच्या गोदीत लेथवर दहा वर्षं काढलेला बाणकोटचा वहाब इथं आला तो बिघडलेल्या बंदुका दुरुस्त करायला, आणि पुढं काडतुसं भरायलाही शिकला. विकतचं काडतूस त्या जातीच्या सगळ्या रायफलींना चालतं. हातानं भरलेलं काडतूस एकाच रायफलीचं असतं. नळीत आतून पीळ दिलेले आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात. प्रत्येक बाराचा जाळ त्या आट्यांचं तोंड थोडं थोडं खातो. पाच-पन्नास बारांत काही कळत नाही, पण दोनशे-तीनशे झाले की आटे आधी जिथून सुरू व्हायचे त्याच्या केसभर पुढून सुरू होतात. मग जुन्या मापानं बसवलेली गोळी तेवढं अंतर जास्त मोकळी धावते, आट्यांत तिरकी शिरते आणि नेम फाकतो. यावर वहाबचा उपाय एकच होता. काडतुसात गोळी तेवढीच पुढं बसवायची. नळी झिजत जाईल तशी गोळी तिच्या मागोमाग न्यायची.

अबू तुर्की त्याची थट्टा करायचा. म्हणायचा, वहाब नळीशी बायकोशी वागावं तसा वागतो, तिचं ऐकून घेतो आणि मुकाट्यानं आपण सरकतो. वहाबची स्वतःची बायको दोन वर्षांतून एकदा दोन महिने भेटायची, तेव्हा या बाबतीत त्याला फारसं काही सांगता यायचं नाही.

बू फहाद पहिल्यांदा आला तो सप्टेंबरच्या सुरुवातीला. ब्लँकेटात गुंडाळलेली जुनी शिकारी रायफल त्यानं काउंटरवर ठेवली. घरातून निघताना त्यानं तेवढीच उचलली होती. मुलगा फहाद मागं राहिला होता, आपणहून.

"मी परत आत जाणार आहे," बू फहाद म्हणाला होता. "वाळवंटातून ये-जा करणारी माणसं आहेत. माझा हात बसला की निघतो. तू काडतुसं भरून दे."

आणि पंधरा वर्षांत गिऱ्हाइकापाशी स्वतःचं कधी काही न बोललेल्या वहाबनं खिशातून एक फोटो काढून त्याच्यापुढं ठेवला. तो त्याच्या धाकट्या भावाचा, रहमतुल्लाचा होता. रहमतुल्ला कुवेतात हवल्लीच्या एका बेकरीची गाडी चालवायचा. त्याच्याबरोबरचे गाववाले इराक, जॉर्डन करत अम्मानला पोचले आणि तिथून विमानानं घरी गेले. त्यातल्या एकानं कळवलं की रहमतुल्लाला मालकानं हातापाया पडून ठेवून घेतलंय, तू गेलास तर मोहल्ल्याला पाव कोण पोचवणार म्हणून. त्यानंतर काही नाही. घरी त्याची बायको सफूरा होती आणि चार वर्षांची शबनम. सफूराच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असायचा.

बू फहादनं फोटो उजेडाकडं धरून पाहिला. "हा मी आत पाठवतो," तो म्हणाला. "फहाद शोधील. त्याला नाही जमलं तर मी शोधीन."

बुडत्याला काडीचा आधार पुरतो, आणि ही तर चांगली जाडजूड काडी होती. बू फहाद दर तीन आठवड्यांनी येऊ लागला. येताना कणकेच्या पिशवीत रिकामी काडतुसं भरून आणायचा, वहाब ती पुन्हा भरायचा. गुलाबाच्या मळ्यांमागच्या वादीत, कोरड्या ओढ्यात, तो रोज सकाळी बार काढायचा. वहाब माप घेत असताना तो रहमतुल्लाबद्दल काहीतरी विचारायचा. उंची किती? अरबी कसं बोलतो? कुठं खूण आहे का अंगावर? वहाब मान खाली घालून सांगायचा. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी होडीच्या दोरात सापडून वाकडं झालंय. हसला की डोळे मिटतात. अरबी मोडकं, पण बोलायला लाजत नाही.

पट्टीवर रेघा पडत गेल्या. सप्टेंबराची, ऑक्टोबराच्या दोन, नोव्हेंबराची, डिसेंबराची. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या केसभर पुढं. रेघ सरकली की वहाबला बरं वाटायचं. नळी झिजतेय म्हणजे हा बार काढतोय, बार काढतोय म्हणजे जाणार आहे, आणि हा गेला की रहमतुल्ला सापडणार आहे. तो सफूराला लिहायचा, एक मोठा माणूस आपल्यासाठी खटपट करतोय, धीर धर. माणूस आशेपायी काय काय जोडून घेतो त्याला सुमार नाही.

जानेवारीत लढाई सुरू झाली त्या आठवड्यात बू फहाद आला. ताइफच्या तळावरून दिवसभर विमानं उठत होती आणि दुकानाचं शटर थरथरत होतं. त्या दिवशी पिशवी रिकामी होती.

"काडतुसं कुठायत?" वहाबनं विचारलं.

"वाळूत हरवली."

दोनशे पितळी काडतुसं वाळूत हरवत नाहीत. वहाबनं रायफल पुढं ओढली. त्यानं माप घेतलं. सुई डिसेंबरच्या रेघेत जाऊन बसली. आपलाच हात चुकला असेल म्हणून त्यानं तीनदा माप घेतलं आणि तीनदा तेच आलं. गेल्या खेपेची दोनशे काडतुसं या नळीतून गेलीच नव्हती. हा माणूस बार काढत नव्हता, म्हणजे कुठं जाणारही नव्हता. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. आज बू फहादनं रहमतुल्लाबद्दल काही विचारलं नव्हतं.

"नळी किती झिजली?" बू फहादनं विचारलं.

प्रश्न सरळ होता आणि उत्तर एका शब्दाचं होतं. पण ते दिलं की परमुलखात आसऱ्याला आलेल्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखं झालं असतं. आणि तेवढ्यावर भागलं नसतं. मग का नाही झिजली हे विचारावं लागलं असतं, आणि जे उत्तर येईल ते उभ्यानं ऐकावं लागलं असतं. वहाबला घाम फुटला. तो भ्याला होता, दुसरं काही नाही.

"केसभर," तो म्हणाला. "गोळी तेवढी पुढं घेतो."

बू फहादनं पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "बरं," आणि चहा न पिता उठून गेला. वहाबनं गोळ्या आहे त्याच मापानं बसवल्या.

फेब्रुवारीत पुन्हा तेच. पिशवी रिकामी, सुई जुन्या रेघेत. या खेपेला 'अजून केसभर' म्हणायला त्याला घामही आला नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

आज कुवेत मोकळं झालं होतं. आत जायला आता ना रायफल लागणार होती, ना वाळवंटातली माणसं. आणि तरी बू फहाद स्टुलावर बसून तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारत होता.

"नळी किती झिजली?"

वहाबनं पट्टी फडक्यानं पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"नाही झिजली, बू फहाद. डिसेंबरपासून नाही झिजली."

बू फहादनं पट्टी उचलून डोळ्यांजवळ नेली. रेघांवरून अंगठा फिरवला. त्याचे खांदे एकदम खाली आले, ओझं उतरवून ठेवल्यावर हमालाचे येतात तसे.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी एकही बार काढलेला नाही. तुझे तिन्ही डबे गाडीत मागं पडलेत, दोरीसुद्धा सोडली नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हाच बोलायला आलो होतो. विमानं उठत होती त्या दिवशी." बू फहादनं पट्टी खाली ठेवली. "वाटेत ठरवलं, काही बोलायचं नाही. वहाब माप घेईल, त्याला दिसेल, तोच विचारील, मग पहिला शब्द मला काढावा लागणार नाही. म्हणून विचारलं किती झिजली. तू म्हणालास, केसभर." त्यानं शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं. "मला वाटलं, हा मला सांगतोय की सांगू नकोस."

खरं तेच होतं. वहाबनं बोल्ट काढून काउंटरवर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसला.

"सांगा," तो म्हणाला.

बू फहादनं सांगितलं. फोटो पोचल्यापासून आठ दिवसांत फहादनं रहमतुल्लाला शोधून काढलं होतं. बेकरीची गाडी रोज गावभर फिरायची, आणि नाक्यानाक्यावरचे इराकी शिपाई चार पावांवर तिला सोडायचे. लपून बसलेल्या लोकांना औषधं आणि कागद पोचवायला फहादला अशीच गाडी हवी होती. त्यानं ती मागितली. रहमतुल्ला म्हणाला, गाडी मीच चालवतो, तुम्हाला रस्त्याला कुणी ओळखेल. दोन-तीन आठवडे चाललं. मग एका सकाळी नाक्यावर नवे शिपाई होते आणि त्यांनी पावाखालच्या पेट्या उघडल्या. पेट्यांवरून माग काढत ते त्याच दिवशी फहादपर्यंत पोचले.

"कधी?"

"रबीउल अव्वलची वीस तारीख. ऑक्टोबरात."

"दोघेही?"

"दोघेही. एकाच भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या." बू फहादचा आवाज सपाट होता. पुष्कळदा मनात म्हणून झिजलेले शब्द होते ते. "बेकरीच्या मालकानं रात्री दोघांना उचलून नेलं. चार माणसांनी नमाज पढली. शेजारीशेजारी आहेत. वाळवंटातून निसटून आलेल्या एकानं, तुझा डिसेंबरचा डबा नेला त्याच रात्री, मला हे सांगितलं. त्या दिवसापासून रायफल खांद्याला लावली नाही. कुणासाठी लावू?"

"इन्ना लिल्लाही व इन्ना इलैहि राजिऊन," वहाब पुटपुटला. दोघांसाठी दोनदा.

"माझ्या मुलानं तुझ्या भावाला नेलं, वहाब."

"माझ्या फोटोनं तुमच्या मुलाला त्याच्यापाशी नेलं."

बाहेरून एक मोटार झेंडा फडकवत गेली, मागच्या सीटवरची मुलं ओरडत होती. वहाबला रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी आली ती लाज. रहमतुल्ला गेला तेव्हा तो इथं बसून त्याच्या वाकड्या बोटाचं वर्णन करत होता. आणि मेल्या माणसाच्या खुणा सांगताना रेघ पुढं सरकली म्हणून खूष होत होता.

त्याचा अंगठा आपसूक बोटांच्या पेरांवर फिरू लागला. रबीउल अव्वलची वीस. मग रबीउल आखिर, जमादिउल अव्वल, जमादिउल आखिर, रज्जब. चार महिने आणि वर दहा दिवस. नवरा गेला की बाई एवढे दिवस इद्दतीत बसते. घराचा उंबरा ओलांडत नाही, बांगड्या नाहीत, मेंदी नाही, सुरमा नाही. गावातल्या बाया येऊन तिच्याजवळ बसतात, ती रडली तर रडू देतात, नाही रडली तर रडवतात. एरवी दिवसभर पाणी-लाकूड-मासळीत गुंतलेल्या बाईला फक्त दुःख करायला म्हणून मिळालेले ते दिवस असतात. आणि ते मोजायचे मरणाच्या तारखेपासून, बातमी कळल्याच्या तारखेपासून नव्हे. बाणकोटच्या मशिदीत मौलवींनी हे त्याला लहानपणीच शिकवलं होतं.

रज्जब संपला तशी सफूराची इद्दतही संपली होती. आज शाबानची तेरा. जे सुरूच झालं नाही ते संपून दोन आठवडे झाले होते. उद्या खरी तारीख कळवली तर मौलवी बोटं मोजतील आणि म्हणतील, पोरी, तुझे दिवस भरले. कुणी तिच्याजवळ येऊन बसणार नाही. दुसऱ्या दिवशी ती कळशी घेऊन विहिरीवर जाईल, आणि विहिरीवरच्या बाया मागचे दिवस मोजत बसतील.

कारण त्याच दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीचा, सुहानाचा निकाह झाला होता. तिनं पत्रात विचारलं होतं, वहाबभाई, मन होत नाही, पण सगळी म्हणतात जा. हिरव्या बांगड्या भरू का? मेंदी लावू का? वहाबनं उत्तर लिहिलं होतं ते विमानं उठत होती त्याच आठवड्यात, 'केसभर' म्हणून झाल्यावर. जा, भर, लाव. इकडून बातमी चांगली आहे.

आता मात्र त्याला रडू आलं. त्यानं फडकं तोंडावर धरलं. त्याला मशीनच्या तेलाचा वास येत होता. बू फहाद उठला, काउंटरला वळसा घालून आत आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. चहावर साय धरली.

"तारीख कुणाकुणाला ठाऊक आहे?" शेवटी वहाबनं विचारलं.

"बेकरीवाल्याला आणि त्या चौघांना. बातमी आणणाऱ्याला. मला. आता तुला." बू फहाद जरा विचारात पडला. "इकडच्या बाजूला तू आणि मी. का?"

"गावात कुणाला नाही?"

"तुझ्या गावात कोण सांगणार?" तो परत स्टुलावर येऊन बसला. "कुवेतात सोडायला लागले की पहिल्यांदा मी जाणार. तिथं गेलो की दाखला काढतो. शिक्का मारून तुझ्या नावावर पाठवीन, तू घरी पाठव. तिला लागेल कागद. पोरीला लागेल."

"त्यावर तारीख असेल."

"असणारच."

वहाबनं फडक्याची घडी घातली, ती मोडली, परत घातली.

"उद्या मी बाणकोटच्या पोस्टात फोन लावतो," तो म्हणाला. "मास्तर माणूस पाठवून तिला बोलावून घेतील. तिला सांगतो, लढाईच्या शेवटच्या दिवशी गेला. काल-परवा."

बू फहादनं पट्टी त्याच्याकडं सरकवली.

"हे खोटं आहे, वहाब."

"हो," वहाब म्हणाला. "तुम्ही कागद सावकाश पाठवा."

"किती सावकाश?"

"चार महिने आणि दहा दिवस."

बू फहादनं उजव्या हाताचा अंगठा पेरांवर ठेवला आणि ओठ हलवत एकेक महिना मोजला. मोजून झाल्यावर हात मांडीवर ठेवला.

"तोवर हज होऊन गेलेला असेल," तो म्हणाला.

"असेल," वहाब म्हणाला.